बारा व्होल्टचा पंखा आणि जुने कार्ड

ग्राफिक्स कार्डावर हलणारा भाग एकच असतो, तो म्हणजे पंखा. चिप, मेमरी, कॅपॅसिटर, कॉइल ही मंडळी जागच्या जागी बसून काम करतात. पंखा मात्र मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत राहतो, आणि म्हणून झिजतोही तोच आधी. तो थांबला की चिप तापते, पडदा काळा पडतो आणि मालक समजतो की कार्ड गेले. प्रत्यक्षात बिघाड काहीशे रुपयांच्या एका सुट्या भागात असतो आणि हजारो रुपयांचे कार्ड अडगळीत जाते. वाईसारख्या तालुक्याच्या गावात ही अडगळ पुष्कळ आहे. तिच्यातले बरेचसे वाचवण्याजोगे आहे.

सुरुवातीच्या कार्डांना पंखा लागतच नसे. १९९६ साली आलेल्या थ्रीडीएफएक्सच्या ‘वूडू’ कार्डाच्या चिपवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंकदेखील नव्हता. १९९९च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ बाजारात आले ते पंखा डोक्यावर घेऊनच. त्यानंतर विजेची भूक वाढतच गेली. २०१६चे ‘जीटीएक्स १०५० टीआय’ ७५ वॉट घेते, तर २०२२चे ‘आरटीएक्स ४०९०’ साडेचारशे. कार्ड जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. १०५० टीआयच्या चिपचे क्षेत्रफळ आहे १३२ चौरस मिलिमीटर, म्हणजे दीड चौरस सेंटिमीटरहूनही कमी. एवढ्याशा जागेतून निघणारी उष्णता हीटसिंकच्या पात्यांपर्यंत पोचवायची आणि तिथून हवेबरोबर बाहेर घालवायची, हा सगळा खटाटोप पंख्याच्या भरवशावर चालतो.

वाईत ही कार्डे कुठे असतात

वाई, मेणवली आणि कृष्णाकाठचा परिसर चित्रपटवाल्यांच्या ओळखीचा आहे. ‘स्वदेस’ चित्रपटातले चरणपूर गाव मेणवलीतच उभे राहिले होते. मोठ्या चित्रपटांची युनिटे चित्रीकरण उरकून निघून जातात. गावात उरते ते लग्नाचे शूटिंग, बारशाचा अल्बम, यात्रेची चित्रफीत. हे सगळे ज्या संगणकावर जुळवले जाते त्यात ग्राफिक्स कार्ड हवेच. फोटो स्टुडिओ, फ्लेक्सची डिझाइने करणारी दुकाने, घरांचे नकाशे काढणारी कार्यालये आणि गेम खेळणाऱ्या पोरांचे घरगुती संगणक, ही त्याची नेहमीची ठिकाणे. लग्नसराईत एडिटिंगचा संगणक रात्र-रात्र चालू राहतो. एरवी तो दुकानाच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, जमिनीलगत ठेवलेला असतो. जमिनीवरची सगळी धूळ तो आत ओढून घेतो.

धुळीला पावसाळ्यातला दमटपणा मिळतो. पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये मग एक करडा, जाड, नमद्यासारखा थर जमतो. पंखा फिरत असला तरी हवा त्या थराला अडते. म्हणून कार्ड तापले की पंख्याला दोष देण्याआधी हा थर पाहावा. नुसत्या सफाईने काम भागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पंखा कसा मरतो

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कार्डांवर बहुतेक ‘स्लीव्ह’ बेअरिंगचा, म्हणजे बुशचा पंखा असतो. सच्छिद्र धातूच्या बुशमध्ये तेल मुरवलेले असते आणि पोलादी दांडी त्या तेलाच्या पातळ थरावर फिरते. जुन्या टेबलफॅनमध्ये पितळी बुश आणि त्याला तेल पुरवणारी नमद्याची चकती असे, तसेच हे, फक्त मूठभर आकारात. कृष्णेच्या खोऱ्यात पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकाने गावोगाव आहेत. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला तेव्हापासून या पट्ट्याची यंत्रांशी जवळीक आहे. बुश खाल्ला, शाफ्टला प्ले आला, ही भाषा इथल्या मोटार भरणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. कार्डाच्या पंख्याचे दुखणे त्याच घराण्यातले आहे.

उष्णतेने तेल हळूहळू उडते किंवा घट्ट होते. पंखा हीटसिंकला अगदी चिकटून असल्याने तापलेली हवा त्याच्या अंगावरच खेळत राहते, आणि तापमान वाढत जाईल तसे बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते. बनवणाऱ्या कंपन्या स्लीव्ह पंख्याला साधारण तीस हजार तासांचे आयुष्य सांगतात, बॉल बेअरिंगच्या पंख्याला पन्नास हजार किंवा त्याहून जास्त. दिवसाला आठ तास चालणाऱ्या दुकानाच्या संगणकात तीस हजार तास म्हणजे दहा वर्षांहून अधिक. तेच कार्ड चोवीस तास राबवले तर साडेतीन वर्षांत हिशेब पुरा होतो.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. इथेरियम या आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी जगभर लाखो कार्डे रात्रंदिवस चालवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डांवरचे हे मायनिंग एका दिवसात बंद पडले. ती कार्डे मग जुन्या बाजारात उतरली. त्यांच्या चिपा पुष्कळदा ठणठणीत असतात. पंखे मात्र आयुष्य संपवून आलेले असतात. असे कार्ड घेताना पंख्याचा खर्च किमतीतच धरलेला बरा.

लक्षणे आणि फसवी लक्षणे

पहिले लक्षण आवाजाचे. थंडीच्या दिवसांत, सकाळी संगणक सुरू करताच घरघर येते आणि पाच-दहा मिनिटांत थांबते. पसरणी घाटाच्या पायथ्याशी डिसेंबरची सकाळ चांगलीच गार असते. उरलेसुरले घट्ट तेल त्या गारठ्यात आणखी आवळते आणि गरम झाले की सैल होते. पुढे घरघर दिवसभराची होते. मग पंखा सुरुवातीला अडखळतो, बोटाने ढकलल्यावर फिरतो. शेवटी ढकलूनही फिरत नाही.

दुसरे लक्षण वेगाचे. चिप तापली की ती स्वतःचा वेग उतरवते. १०५० टीआयच्या पिढीतली कार्डे साधारण ८३ अंशांच्या आसपास वेग कमी करू लागतात. व्हिडिओ रेंडर व्हायला दुप्पट वेळ लागतो, गेम अडखळतो, आणि मालकाला वाटते की संगणकात व्हायरस शिरला. तरीही उष्णता चढत राहिली तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पंख्याचा वेग टक्क्यांत दिसतो. ते टक्के म्हणजे कार्डाने पंख्याला दिलेला हुकूम. पंखा तो पाळतो की नाही, हे त्यातून कळत नाही. पडद्यावर शंभर टक्के दिसत असताना पंखा ठप्प असू शकतो. फेऱ्यांचा खरा आकडा सांगण्यासाठी पंख्याकडून परत येणारी एक वेगळी तार लागते आणि दोन तारांच्या पंख्यात ती नसते. म्हणून कॅबिनेटचे झाकण काढून, बॅटरी मारून, डोळ्यांनी पाहणे हीच खरी तपासणी.

उलट बाजूची फसगतही होते. २०१४ नंतरच्या अनेक कार्डांत चिप थंड असेल तर पंखा मुद्दामच बंद ठेवतात आणि पन्नास-साठ अंश गाठले की तो चालू होतो. अशा कार्डावर जड काम टाकून पाहिल्याशिवाय पंखा गेला असे म्हणू नये. कॅबिनेटमधली एखादी सैल वायर पात्यांत अडकलेली असणे, हेही नेहमीचेच.

कार्ड बाहेर काढताना

संगणक बंद करून पॉवर केबल काढायची आणि नंतर एकदा चालू करण्याचे बटण दाबायचे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. कार्डाचा मागचा स्क्रू काढायचा, स्लॉटच्या टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी दाबायची आणि कार्ड सरळ वर ओढायचे. ही खिट्टी न दाबता ओढल्याने मदरबोर्डचा स्लॉट तुटतो. दुरुस्तीत होणारे नवे नुकसान सर्वांत जास्त इथेच होते.

धूळ उडवायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह होतो. त्या टाकीत पाणी साठलेले असते, पावसाळ्यात तर फारच, आणि हवेबरोबर त्याचे तुषार कार्डावर बसतात. हातात धरायचा छोटा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरेसा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने पंखा ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि आधीच झिजलेला बुश आणखी खातो.

हीटसिंक मागच्या बाजूने चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी आवळलेला असतो. ते समोरासमोरचे, थोडे-थोडे करत सैल करावेत. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असते. हीटसिंक खेचून काढला तर चिपचा कोपरा उडू शकतो. आधी थोडा वेळ कार्ड चालवून ते कोमट असतानाच हलक्या हाताने पिळून सोडवावा. पंख्याची पिन काढताना वायर ओढू नये, प्लॅस्टिकचे कनेक्टर चिमट्याने धरून काढावे. पुष्कळ कार्डांत पंखा वरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला तीन-चार बारीक स्क्रूंनी जोडलेला असतो आणि चिपवरचा हीटसिंक न हलवताही निघतो. तसे असेल तर उत्तमच.

पंख्याच्या पोटात

काढलेला पंखा उलटा केला की मध्यभागी गोल स्टिकर दिसतो. त्याची कड नखाने उचलली की खाली बहुधा रबरी बूच असते. ते काढल्यावर दांडीचे टोक आणि त्यावर बसवलेली, एका बाजूने चिरलेली पांढरी प्लॅस्टिकची चकती दिसते. सुईने चकती सोडवली की पात्यांचा भाग हातात येतो. ही चकती उडून हरवली की पंखा गेलाच. म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करतात. पात्यांच्या वाटीत आतून गोल चुंबक चिकटवलेला असतो. खाली राहते तांब्याच्या गुंडाळ्यांची चौफुली आणि तिच्या बुडाशी एक इवलेसे सर्किट. त्यातला हॉल सेन्सर चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला ते ओळखतो आणि त्यानुसार गुंडाळ्यांतला प्रवाह पालटतो. कार्बन ब्रश नाहीत, ठिणगी नाही. विजेची ही बाजू सहसा बिघडत नाही. बिघडते ते मधले नळकांडे. कापसाची काडी आत फिरवली की ती काळी चिकट होऊन बाहेर येते. कधीकाळचे ते तेलच.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने बुश आणि दांडी पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाकून पंखा परत जोडता येतो. थेंब जास्त पडले तर तेल स्टिकरखाली पसरते आणि स्टिकर धरत नाही. कोणते तेल वापरायचे याबाबत मात्र गावात भलतेच प्रयोग चालतात. खोबरेल अजिबात नको. ते पंचवीस अंशांखाली थिजते आणि हिवाळ्यात पंखा जागचा हलत नाही. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो उरलेले वंगण धुऊन टाकतो आणि स्वतः उडून जातो. दोन दिवस पंखा सुरेख चालतो, मग आधीपेक्षा वाईट होतो.

तेल हा तात्पुरता उपाय आहे. पाती धरून आडवी हलवून पाहावीत. खडखड होत असेल तर बुश अंडाकृती झाला आहे आणि तेलाने काही आठवड्यांपलीकडे निभणार नाही. लग्नाचे काम अंगावर असताना तेल टाकून वेळ मारून नेणे ठीक. मात्र त्याच दिवशी नवा पंखा मागवायला हवा. काही नव्या पंख्यांना मागून उघडायची सोयच नसते. ते बदलायचेच.

जोडीचा पंखा शोधणे

वाईहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, पुण्यात येरवड्याला, एनव्हिडियाचे मोठे केंद्र आहे. चिपवर काम करणारे हात इतके जवळ आहेत. तिच्यावरचा पंखा मात्र तैवानी किंवा चिनी कंपनीचा असतो आणि तो तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. साताऱ्यात नाही मिळाला तर पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन मागणी, हेच मार्ग. कार्डाचे नाव सांगून पंखा मागणे हा फसण्याचा हमखास रस्ता आहे, कारण एकाच नावाचे कार्ड अनेक कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचा पंखा वेगळा असतो.

मागायचा तो पंख्याच्या स्टिकरवरच्या क्रमांकाने. ‘पीएलडी ०९२१० एस १२ एचएच’ असा क्रमांक असेल तर त्यात ९२ आणि १० ही मिलिमीटरमधली नाममात्र मापे, ‘एस’ म्हणजे स्लीव्ह बेअरिंग, १२ म्हणजे व्होल्ट आणि शेवटची अक्षरे वेगाची. पात्यांचा खरा व्यास नाममात्र आकड्यापेक्षा काही मिलिमीटर कमी भरतो, म्हणून क्रमांक वाचूनही माप घ्यावेच. व्हर्नियर कॅलिपरने पात्यांचा व्यास, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि पंख्याची जाडी घ्यावी. फिरण्याची दिशाही पाहून ठेवावी. भोकांचे अंतर दोन मिलिमीटरने चुकले तरी पंखा बसत नाही. स्लीव्हच्या जागी त्याच मापाचा बॉल बेअरिंगचा मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तो घ्यावा. त्याचा आवाज किंचित अधिक असतो, पण उष्णतेत तो टिकतो.

विजेच्या बाजूला व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअरचा आकडा मूळ पंख्यापेक्षा फार जास्त नको, कारण पंख्याला वीज पुरवणारा कार्डावरचा भाग बेताचाच असतो. दोन तारा म्हणजे फक्त वीज. तीन म्हणजे फेऱ्यांची खबर देणारी एक तार अधिक. चार म्हणजे वेगाचा हुकूम घेऊन जाणारी आणखी एक. कार्डावरचे कनेक्टर मदरबोर्डावरच्यापेक्षा लहान असते आणि तारांचा क्रम कंपनीगणिक बदलू शकतो. तारांच्या रंगांवर न विसंबता मल्टिमीटरने तपासावे. कनेक्टर जुळत नसेल तर जुन्या पंख्याच्या तारा कापून नव्याला डाग देऊन जोडतात आणि वर श्रिंक ट्यूब चढवतात. डाग नीट असेल तर हे काम वर्षानुवर्षे टिकते.

बांधलेला पंखा

जोडीचा पंखा मिळालाच नाही तर? प्लॅस्टिकचे आवरण आणि मेलेला पंखा काढून टाकायचा आणि कॅबिनेटचा साधा ८० किंवा ९२ मिलिमीटरचा पंखा केबल टायने थेट हीटसिंकवर बांधायचा. दिसायला हे ओबडधोबड असते म्हणून दुकानदार असे काम द्यायला कचरतात. कचरण्याचे कारण नाही. मोठा जाड पंखा कमी फेऱ्यांत जास्त हवा ढकलतो, आवाज कमी करतो, आणि पुढे बिघडला तर कोणत्याही संगणकाच्या दुकानात बदली मिळतो. गावातल्या वापरासाठी ही दुरुस्ती मूळ पंख्यापेक्षा सरस ठरते.

काही गोष्टी मात्र पाहाव्यात. पंख्याच्या चौकटीवरचा बाण हवा कुठे जाते ते दाखवतो. तो हीटसिंककडे हवा. कार्ड जाड झाल्याने शेजारचा स्लॉट अडतो. पंखा मदरबोर्डच्या पिनेवर जोडला तर त्याचा वेग ग्राफिक्स चिपच्या तापमानानुसार बदलत नाही, म्हणून बायोसमध्ये जाऊन तो मध्यम वेगावर कायम ठेवावा. कार्डावरच्या छोट्या कनेक्टरला नेहमीचा चार पिनांचा पंखा जोडून देणारी वायर मिळते. ती मिळाली तर वेगाचा प्रश्नही सुटतो.

पेस्ट, पॅड आणि चाचणी

हीटसिंक काढला असेल तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नये. पेस्ट पातळ आणि चिपचा सगळा पृष्ठभाग झाकणारी हवी. जाड थर उष्णता अडवतो. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्यावेत. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला की हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

कॅबिनेट उघडे ठेवूनच चाचणी घ्यावी. आधी पंखा फिरतो का, कोणत्या बाजूने फिरतो, वायर पात्यांना घासते का, हे पाहावे. मग नुसत्या डेस्कटॉपवर तापमान किती, त्यानंतर अर्धा तास रेंडर किंवा गेम लावून किती, हे लिहून ठेवावे. १०५० टीआयसारखे कार्ड भर कामात सत्तर अंशांच्या आसपास स्थिरावले तर दुरुस्ती जमली. खोलीचे तापमान जेवढे वाढते, साधारण तेवढेच चिपचेही वाढते. जानेवारीत पासष्टावर असलेले कार्ड एप्रिलमध्ये पंचाहत्तर-ऐंशीला गेले तर घाबरायला नको. आकडा थांबायचे नावच न घेता नव्वदीकडे निघाला तर ताबडतोब बंद करून हीटसिंक पुन्हा बसवावा.

केव्हा सोडून द्यावे

पंखा नीट फिरत असताना, तापमान ताब्यात असतानाही पडद्यावर रंगीत ठिपके आणि पट्टे येत असतील तर दुखणे चिपचे किंवा मेमरीचे आहे. एनव्हिडियाच्याच लॅपटॉपमधल्या काही चिपा वारंवार तापून-निवून सांध्यांशी निकामी होऊ लागल्या होत्या, आणि २००८च्या जुलैमध्ये कंपनीला त्यापोटी पंधरा ते वीस कोटी डॉलरचा खर्च जाहीर करावा लागला. तेव्हापासून अशी कार्डे ओव्हनमध्ये भाजून किंवा हीट गनने तापवून जिवंत करण्याचा उपाय तोंडोतोंडी पसरला. त्याने आलेली जान बहुधा थोड्या दिवसांची असते. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड घालणे तर आरोग्यालाही घातक. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन असे काम कोणी करू नये.

चिप चांगली असली तरी सॉफ्टवेअरची साथ पाहावी लागते. ‘जीटी ७३०’सारख्या केप्लर पिढीतल्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर २०२१मध्ये थांबले. अशा कार्डावर नव्या पंख्याचे पैसे घालण्यापेक्षा बांधलेला पंखा पुरे. दुकानाचे बिल, टायपिंग, छोटी डिझाइने यांसाठी ते आणखी काही वर्षे चालेल. १०५० टीआयला मात्र जोडीचा चांगला पंखा जरूर घालावा.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. वस्तूंच्या माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला एका ठिकाणी मिळावी, हा हेतू. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत एवढी एकच माहिती उघडपणे मिळाली, म्हणजे कोणत्या कार्डाला कोणत्या मापाचा पंखा आणि त्याच्या तारांचा क्रम काय, तरी तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्याचे निम्मे काम हलके होईल. कार्ड विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ती द्यायलाच हवी.

दुरुस्त न होणारे कार्डही भंगाराच्या पोत्यात टाकायचे नसते. त्याचा हीटसिंक, स्क्रू, स्प्रिंगा, कनेक्टर आणि चालू पंखा काढून ठेवला तर पुढच्या दुरुस्तीला उपयोगी पडतो. उरलेला बोर्ड ई-कचऱ्यात जातो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच पोचला पाहिजे आणि त्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. दुकानात एक खोके ठेवून वर्षभराचे बोर्ड त्यात साठवावेत आणि नगरपालिका किंवा एखादी संस्था ई-कचरा गोळा करील तेव्हा एकदम द्यावेत.